कॅम्प बेटावर, हिशोब गोवनमध्ये: आयोना कम्युनिटीचं प्रकरण

चर्चच्या कॅम्पबद्दल एक तक्रार कुठेही गेलात तरी ऐकू येते. तीन-चार दिवस सगळे भारावलेले, शेकोटीभोवती साक्षी, अश्रू, "मी आता बदलणार", आणि घरी आल्यावर दोन रविवार गेले की सगळं जैसे थे. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत तर हा घोळ जास्तच, कारण तिथली सगळी रचना स्थानिक मंडळीभोवती उभी असते, वडिलांचं म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठांचं सेशन, त्याच्यावर प्रेस्बिटरी म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांची सभा, सगळ्यात वर जनरल असेंब्ली म्हणजे देशभराची सभा, आणि कॅम्प हा प्रकार यातल्या कुठल्याच खणात धड बसत नाही. तो नक्की कुणाचा? उत्तर कोण कुणाला देणार?

म्हणून आयोना कम्युनिटीचं, म्हणजे आयोना बेटावर उभ्या राहिलेल्या एका ख्रिस्ती गटाचं, हे प्रकरण घेतलंय. स्कॉटलंडमधलं आहे, १९३८ ला सुरू झालेलं. कॅम्प, रिट्रीट (प्रार्थनेसाठी एकांतात जाऊन राहणं) आणि आउटरीच (चर्चबाहेरच्या लोकांपर्यंत जाणं) या तिन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच योजनेत कोंबल्या असं इतकं उघड उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. योजना अर्धी फसली आणि अर्धी भलतीकडेच यशस्वी झाली. ते भलतीकडे म्हणजे कुठे, त्यात मला जास्त रस आहे.

माणूस आणि गाव

जॉर्ज मॅक्लाउड, जन्म १८९५. घराणं पाळकांचं आणि तेही बडं, आजोबा नॉर्मन मॅक्लाउड हे राणी व्हिक्टोरियाचे चॅप्लेन, म्हणजे दरबारी पाळक. शिक्षण विंचेस्टर आणि ऑक्सफर्डला, मग पहिल्या महायुद्धात अधिकारी, मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं, फ्रेंचांनीही त्यांचं क्र्वा द गेर हे पदक दिलं. युद्धानंतर पाळक झाले आणि एडिनबराच्या सेंट कथबर्ट्स चर्चमध्ये आले. उपदेश ऐकायला गर्दी व्हायची. सगळं सुरळीत होतं, पुढची मोठी पदं जवळपास ठरल्यासारखीच होती, आणि १९३० मध्ये ते सगळं सोडून ते ग्लासगोच्या गोवन ओल्ड पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका पाळकाकडे सोपवलेला भाग) गेले.

गोवन म्हणजे क्लाइड नदीकाठचा जहाजबांधणीचा भाग. आणि १९३० हे तिथे जायला सगळ्यात वाईट वर्ष, कारण मंदी आली होती आणि जहाजांच्या ऑर्डरी थांबत चालल्या होत्या. किती वाईट परिस्थिती होती याचा अंदाज यायला एकच गोष्ट पुरे: नदीच्या थोडं खाली क्लाइडबँकला जॉन ब्राउन यार्डात ५३४ नंबरचं प्रचंड जहाज बांधायला घेतलं होतं, त्याचं काम डिसेंबर १९३१ मध्ये बंद पडलं आणि एप्रिल १९३४ पर्यंत तो सांगाडा तसाच उभा राहिला. तीच पुढे क्वीन मेरी झाली. म्हणजे हातात उत्तम कसब असलेली माणसं, रिव्हेटवाले, सुतार, गवंडी, रोज घराबाहेर पडून कोपऱ्यावर उभी राहायची आणि संध्याकाळी परत यायची.

चर्चची अवस्था वेगळीच. १९२९ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड आणि युनायटेड फ्री चर्च ही दोन प्रेस्बिटेरियन चर्चं एक झाली होती, मोठा सोहळा झाला, कागदावर चर्च कधी नव्हे इतकं मोठं दिसत होतं. पण जहाजवाडीतला कामगार त्यात नव्हता. असला तरी नावापुरता.

मॅक्लाउडनी गोवनमध्ये जे केलं ते आजच्या भाषेत आउटरीचच. घरोघरी भेटी, रस्त्यावर उघड्यावर बोलणं, प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तरं, बेकारांसाठी क्लब. चर्च भरायला लागलं. इतर कुणी असता तर इथेच थांबला असता, कारण रविवारी बाक भरलेले दिसले की वडीलही खूश आणि प्रेस्बिटरीही खूश. पण ते स्वतः १९३३ च्या सुमाराला पार खचले, सक्तीची विश्रांती घ्यायला लागली, त्यात पॅलेस्टाईनला जाऊन आले, जेरुसलेममध्ये ऑर्थोडॉक्स मंडळीची ईस्टरची उपासना पाहिली, आणि परत आल्यावर त्यांचं उपासनेबद्दलचं बोलणंच बदललं असं म्हणतात. (खचलेल्या पाळकाला सुट्टी देणं हे मंडळीने केलेलं सगळ्यात फायद्याचं काम असू शकतं, पण ते राहू दे.)

यातच फिंगल्टनची गिरणी येते. ग्लासगोच्या बाहेर एक पडीक जुनी गिरणी होती, ती गोवनच्या बेकार माणसांनी हाताने दुरुस्त करून राहण्यासारखी केली. शहरातल्या लोकांना जाऊन राहायला, मोकळी हवा घ्यायला एक जागा झाली. मला विचाराल तर आयोनाची सगळी कल्पना या गिरणीत आहे, बेट हा नंतरचा भाग. गिरणीत त्यांना दिसलं असणार की माणसाला उपदेशाने जे होत नाही ते हातात हत्यार दिल्यावर होतं, आणि एकत्र राबताना जे बोलणं होतं ते प्रार्थनासभेत होत नाही.

निदान

सगळे पाळक म्हणत होते, कामगार चर्चमध्ये येत नाही. मॅक्लाउडचं निदान होतं की पाळकच कामगाराच्या जगात कधी गेलेला नाही. थिऑलॉजी कॉलेजातून निघालेला पोरगा, ग्रीक-हिब्रू येतं, उपदेश तीन मुद्द्यांत बसवता येतो, पण आठ तास उभं राहून दगड घडवणाऱ्या माणसाशी पाच मिनिटं बोलायची वेळ आली की गप्प. म्हणजे शिक्षण ज्याला द्यायचं तो कामगार नाही, पाळक आहे.

हे लक्षात ठेवा, कारण आयोनाची गोष्ट सांगताना नेहमी "बेकारांना काम दिलं" एवढंच सांगितलं जातं. ते खरं आहे पण तो अर्धाच भाग.

बेट का

आयोना हे स्कॉटलंडच्या पश्चिमेला मल बेटाच्या टोकाशी चिकटलेलं छोटंसं बेट, लांबी पाचेक किलोमीटर. आजही जायचं तर ओबानहून फेरी, मग सगळं मल बेट बसने ओलांडायचं, मग फिऑनफोर्टहून पुन्हा छोटी फेरी. ५६३ मध्ये कोलंबा आयर्लंडहून तिथे उतरला आणि मठ काढला, तिथून स्कॉटलंडभर सुवार्ता गेली. पुढे साधारण १२०० च्या सुमाराला बेनेडिक्टाइन साधूंचा दगडी मठ झाला, १५६० च्या धर्मसुधारणेनंतर तो ओस पडला, छपरं गेली.

१८९९ मध्ये आठव्या ड्यूक ऑफ आर्गाइलने हे अवशेष एका ट्रस्टकडे दिले, अट घातली की उपासनेला सगळ्या ख्रिस्ती पंथांना मोकळीक हवी. १९१० पर्यंत ॲबीचं, म्हणजे या मठाचं, मुख्य चर्च उभं झालं. पण साधूंच्या राहण्याच्या खोल्या, जेवणघर वगैरे तसंच भग्न. म्हणजे उपासनेची जागा दुरुस्त, आणि राहण्या-जेवण्या-कामाची जागा उघड्यावर! मॅक्लाउडना यात चर्चचं चित्रच दिसलं नसतं तर नवल, आणि त्यांनी ते बोलून दाखवायची एकही संधी सोडली नाही.

योजना अशी की बेकार कारागीर आणि नुकतेच शिकून निघालेले तरुण पाळक उन्हाळाभर बेटावर एकत्र राहतील, भग्न भाग बांधतील, आणि हंगाम संपला की पाळक शहरातल्या गरीब पॅरिशमध्ये, नव्या वसाहतींत काम करायला जातील. पाळकाने दोन वर्षांसाठी शब्द द्यायचा. बेटावर जायचं तेच मुळी परत यायच्या अटीवर. साध्या कॅम्पात आणि यात हाच फरक आहे, कॅम्पात परतीचं तिकीट हा प्रवासाचा भाग असतो, इथे तो नेमणुकीचा भाग होता.

१९३८ मध्ये मॅक्लाउडनी गोवनचा राजीनामा दिला. पगार, मॅन्स म्हणजे पाळकाचा बंगला, भरलेलं चर्च, सगळं गेलं.

पैसा

पैशाची गोष्ट सांगायलाच हवी कारण आउटरीचच्या रिपोर्टात हा भाग नेहमी गुळगुळीत केला जातो. मॅक्लाउड क्लाइडवरचे बडे जहाजमालक सर जेम्स लिथगो यांच्याकडे गेले. मॅक्लाउड तोपर्यंत पक्के शांततावादी झालेले, आणि लिथगोंच्या धंद्याला शस्त्रसज्जतेमुळे बरे दिवस येणार हे उघड होतं. सांगतात असं, की लिथगोंनी विचारलं, पैसे दिले तर शांततावाद सोडाल का? मॅक्लाउड म्हणाले, अजिबात नाही. मग देतो, असं म्हणून लिथगोंनी ५,००० पौंड दिले.

गोष्ट छान आहे, व्यासपीठावर सांगायला तर फारच. पण तिच्या खाली एक गोष्ट दडलीय. हेच लिथगो नॅशनल शिपबिल्डर्स सिक्युरिटी या कंपनीचे अध्यक्ष होते, आणि त्या कंपनीचं कामच जादा झालेले यार्ड विकत घेऊन कायमचे बंद करणं हे होतं. म्हणजे माणसं बेकार होण्यात ज्यांच्या धोरणाचा हात होता, त्यांच्याच पैशावर ती बेटावर दगड रचायला गेली. हे चूक होतं असं मी म्हणत नाही, नकार दिला असता तर कदाचित काहीच उभं राहिलं नसतं. पण देणगीदाराचा धंदा आणि आपण ज्यांच्यासाठी काम करतोय ती माणसं यांचा संबंध मोठ्याने बोलायला हवा होता असं मला वाटतं. मॅक्लाउड आयुष्यभर राजकारण बोलले, त्यांना हे कळत नव्हतं असं म्हणणं कठीण आहे.

बेटावर

पहिली तुकडी मूठभरच माणसांची. राहायला काही नव्हतं म्हणून आधी स्वतःसाठी लाकडी झोपड्या ठोकल्या. सकाळी ॲबीत उपासना, मग दिवसभर बांधकाम, संध्याकाळी अभ्यास-चर्चा आणि परत उपासना. आराखडे आर्किटेक्ट इयन लिंडसे यांचे.

आता कामाची वाटणी नीट बघा. कारागीर कुशल, त्यांना मजुरी. पाळक अकुशल, ते त्यांच्या हाताखाली बिगारी. दगड उचलून द्यायचे, माल कालवायचा, चूक झाली की गवंड्याच्या शिव्या खायच्या. व्यासपीठावर ज्याचं सगळे गप्प बसून ऐकतात त्याला इथे कुणी विचारत नाही, आणि चर्चमध्ये जो शेवटच्या बाकावर टोपी चुरगळत बसतो तो इथे सांगतो की दगड असा नाही, असा धर. कुठल्याही आउटरीचमध्ये देणारा कोण आणि घेणारा कोण हे आधीच ठरलेलं असतं, "आपण त्यांच्यासाठी काय करू शकतो" वगैरे. इथे ते फिरवलं, आणि भाषणाने नाही, कामाच्या वाटणीने फिरवलं. तेही रोज.

दुसरी बारीक गोष्ट उपासनेची. ॲबीत सकाळची उपासना आशीर्वादाने संपत नाही. लोक उभे असतात तसेच बाहेर पडून थेट कामाला लागतात, म्हणजे दिवसभराचं काम हे त्याच उपासनेचं पुढचं पान. हा रिवाज आजही चालू आहे. पाहुण्यांनाही भांडी, झाडू, संडास साफ करणं, भाज्या चिरणं यातला वाटा उचलावा लागतो. रिट्रीटला येऊन संडास घासायला लागतो म्हणून नाराज होणारे असतीलच, पण माझ्या मते त्या आठवड्यातला सगळ्यात प्रामाणिक उपदेश तोच असतो.

वर्षभरात, १९३९ मध्ये, महायुद्ध लागलं. बेकारी संपली, कारागिरांना सगळीकडून मागणी, साहित्यावर बंधनं, लाकूड मिळेना. या काळातली लाकडाची गोष्ट प्रसिद्ध आहे, वादळात सापडलेल्या जहाजाने डेकवरचं लाकूड समुद्रात टाकलं आणि ते वाहत मलच्या किनाऱ्याला लागलं, छपराला हवं तेवढ्याच लांबीचं. मॅक्लाउड ही रंगवून सांगायचे. चमत्कार मानायचा की योगायोग ते ज्याचं त्याने ठरवावं.

प्रेस्बिटरी काय म्हणाली

इथे खरी गंमत. कॅम्प कुणाचा हा सुरुवातीचा प्रश्न इथे पूर्ण ताकदीने उभा राहिला.

प्रेस्बिटेरियन माणसाला मठ हा शब्दच पचत नाही. एकत्र राहणं, नियम पाळणं, वारंवार प्रभुभोजन, आणि तेही एका जुन्या कॅथलिक मठाच्या भिंतीत! शिवाय मॅक्लाउड समाजवादी आणि शांततावादी. टोमणा असा होता की हे लोक अर्धे रोमच्या वाटेवर आणि अर्धे मॉस्कोच्या. पण टोमण्यापलीकडे एक खरा मुद्दा होता आणि तो टीकाकारांचा होता: ही कम्युनिटी कुठल्याही सेशनला, कुठल्याही प्रेस्बिटरीला उत्तर देत नव्हती. तिचा नेता एक, त्याचा शब्द शेवटचा. तरुण पाळक प्रेस्बिटरीपेक्षा नेत्याकडे जास्त बघायला लागले तर?

चाळीसच्या दशकाच्या शेवटी गोवनच्या मंडळीने मॅक्लाउडना परत बोलावलं. ते यायला तयार होते पण कम्युनिटीचं नेतृत्वही ठेवणार होते. चर्चच्या न्यायसभांत ते प्रकरण गेलं, जनरल असेंब्लीपर्यंत, आणि उत्तर नाही असं आलं. त्यांना ते लागलं असणार. पण मी इथे असेंब्लीच्या बाजूने आहे. पॅरिशचा पाळक उन्हाळाभर बेटावर आणि बाकीचे महिने देशभर भाषणं देत फिरणार असेल तर गोवनच्या म्हाताऱ्या आजींच्या घरी भेटायला कोण जाणार?

१९५१ मध्ये तोडगा निघाला, आयोना कम्युनिटी बोर्ड तयार झालं आणि कम्युनिटी जनरल असेंब्लीच्या अधिकाराखाली आली. आणि सहा वर्षांनी, १९५७ मध्ये, त्याच असेंब्लीने मॅक्लाउडना मॉडरेटर, म्हणजे असेंब्लीचा अध्यक्ष, केलं. संशय पूर्ण गेला नाही, पण भांडण घरातलं झालं. बाहेर पडून वेगळा पंथ काढणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही याला मी दगडी भिंतींइतकंच महत्त्व देतो. बांधकाम १९६५ मध्ये पुरं झालं, १९६७ मध्ये त्यांनी नेतृत्व सोडलं.

मग हाती काय लागलं

गोवनच्या बेकारांसाठीचं आउटरीच म्हणून बघितलं तर फार थोडं. मूठभर कारागिरांना काम मिळालं. गोवनला काम शस्त्रसज्जतेने आणि युद्धाने दिलं, आयोनाने नाही. हे स्पष्ट म्हटलेलं बरं, कारण चर्चच्या कामाचं कौतुक करताना आपण आकड्यांकडे कानाडोळा करतो.

बायकांच्या बाबतीत तर लाजिरवाणं. पहिली स्त्री सदस्य १९६९ मध्ये. तीसएक वर्षं हा पुरुषांचा अड्डा होता, पाळकांच्या बायका पोरं सांभाळत शहरात. एकत्र जीवनावर इतकं बोलणाऱ्यांना हे दिसू नये!

पण पाळकांचं शिक्षण म्हणून बघितलं तर चित्र वेगळं. बेटावर बिगारी केलेले पाळक स्कॉटलंडच्या औद्योगिक पॅरिशमध्ये आणि नव्या हाउसिंग स्कीममध्ये गेले, आणि तिथे चर्चचं काम म्हणजे घरभाडं, नोकरी, दारू, शांतता हे सगळं असं धरून बसले. ग्लासगोत क्लाइड स्ट्रीटवर कम्युनिटी हाउस निघालं, कँटीन, नाटक, राजकारणाचे वर्ग, रस्त्यावरून कुणीही आत यावं. बेटाचा शहरातला अर्धा भाग तो हाच, आणि बेटाइतका तो कधीच कुणाच्या फोटोत आला नाही.

इथे योजनेतला एक कायमचा दोष दिसतो. बेट फार सुंदर आहे. पांढरी वाळू, निळं पाणी, कोलंबाची आठवण. लोक बेटाच्या प्रेमात पडतात आणि गोवन विसरतात. आजही कम्युनिटीचे सदस्य बहुतेक सगळे बेटाबाहेर आपापल्या गावी राहतात, तिथेच त्यांचं काम आहे असं कम्युनिटीचा नियमच सांगतो, पण बाहेरच्या माणसाला आयोना कम्युनिटी म्हटलं की ॲबीच दिसते. २०१८ च्या शेवटी ॲबीची राहण्याची जागा दुरुस्तीसाठी बंद केली, २०२१ मध्ये उघडली, त्यासाठी लाखो पौंड जमवावे लागले. भिंती बांधल्या की भिंती सांभाळाव्या लागतात, आणि मग निम्मी शक्ती त्यातच जाते. कॅम्पची स्वतःची जागा घ्यावी की भाड्याने घ्यावी यावर सेशनमध्ये वाद होतात ना, तेव्हा हे उदाहरण दोन्ही बाजूंना वापरता येतं.

नियमाचं म्हणाल तर तो बरीच वर्षं पाच भागांचा होता. प्रार्थना आणि शास्त्रवाचन, पैशाचा हिशोब, वेळेचा हिशोब, न्याय-शांततेसाठी काम, आणि एकमेकांना भेटून उत्तर देणं. सदस्यांचे छोटे गट असतात, तिथे बसून पैसा आणि वेळ कुठे गेला ते सांगायचं. प्रार्थनेबद्दल बोलायला कुणाची ना नसते, पैशाची पाळी आली की खरी परीक्षा.

आणि शेवटी कमास. मलच्या किनाऱ्यावर, आयोनापासून जवळच, जुन्या सामन मासेमारीच्या तळाची दगडी घरं आहेत. युद्धानंतरच्या काळात कम्युनिटीने तिथे शहरातली पोरं न्यायला सुरुवात केली, त्यात बोर्स्टलमधली म्हणजे सुधारगृहातली मुलंसुद्धा. रस्ता दारापर्यंत नाही, दलदलीतून पायवाटेने चालत जायचं, विजेची लाइन नाही. पोरं लाकडं फोडतात, बागेत खपतात, बोटी वल्हवतात, संध्याकाळी छोट्याशा चॅपलमध्ये थोडा वेळ बसतात, आणि धर्माची जबरदस्ती नाही. ॲबीच्या मानाने कमासबद्दल फार कमी बोललं जातं. पण १९३८ ची मूळ कल्पना आज कुठे जास्त जिवंत आहे असं विचारलं तर मी ॲबी नाही, कमास म्हणेन. बेटावर आता मुख्यतः तेच येतात ज्यांना आयोनाला यायचं असतं, आणि कमासला येणाऱ्या बऱ्याच पोरांनी आयोनाचं नावही आधी ऐकलेलं नसतं.